होमस्कूलिंग करणाऱ्या १३ वर्षांच्या मुलीला व्याकरण शून्यापासून शिकवायचंय, कुठलं पुस्तक घेऊ?

गोदातीर

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकचे. लेक आता १३ पूर्ण, चौथीनंतर शाळा सोडली आणि तेव्हापासून घरीच शिकतेय. वाचन भरपूर आहे, मराठी इंग्रजी दोन्ही, आणि स्वतःच्या गोष्टी लिहून वह्याच्या वह्या भरते. व्याकरण मात्र आम्ही कधी विषय म्हणून घेतलंच नाही. ते ठरवूनच होतं, आधी भाषा भरपूर कानावरून आणि डोळ्यांखालून जाऊ दे, नाम सर्वनाम वगैरे नावं मोठेपणी शिकता येतील असं मला आणि नवऱ्याला दोघांनाही वाटत होतं, अजूनही वाटतं.

आता तिचं स्वतःचंच म्हणणं आहे की १५ व्या वर्षी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी द्यायची, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा घेऊन. आणि तिला लिहिण्यातच पुढे काहीतरी करायचंय त्यामुळे हे नुसतं परीक्षेपुरतं नकोय मला, तिला स्वतःचं लिखाण स्वतः तपासता आलं पाहिजे.

अडचण अशी की पुस्तकं एकतर आठ वर्षांच्या मुलांसाठीची मिळतात, चित्रं रंगवा, फळांच्या नावाला गोल करा, ती दोन पानं बघते आणि बाजूला ठेवते, आणि मला तिचं पटतं कारण रोज शेकडो पानं वाचणाऱ्या मुलीला 'मांजर चटईवर बसलं आहे' यातलं नाम ओळखायला लावणं बरोबर नाही. नाहीतर मग एकदम नववी-दहावीची, ज्यात पाच-सहा वर्षांचं व्याकरण झालेलंच आहे असं धरलेलं असतं. घरात माझ्या शाळेतलं रेन अँड मार्टिनचं इंग्रजी व्याकरण आहे पण त्यात व्याख्या आणि नियमांचा मारा फार. अमेरिकन होमस्कूलिंगवाल्यांची नावं ऐकली आहेत पण त्यातलं आपल्याकडे काय चालेल कळत नाही.

तिच्या चुका साधारण अशा: इंग्रजीत एकाच परिच्छेदात भूतकाळातून वर्तमानकाळात जाते, 'अ' आणि 'द' गाळते, 'आय ॲम लिविंग हिअर सिन्स टू इयर्स' असं लिहिते, आणि चार वाक्यं स्वल्पविरामाने जोडून एक करते. मराठीत वाक्यरचना छान पण ऱ्हस्वदीर्घाचा आनंद, 'आणी', 'वकीलाने', 'बहीणीला'.

तर आधी इंग्रजी की आधी मराठी? एकच पुस्तक पुरेल का? आणि रोज किती वेळ द्यावा? अनुभव असणाऱ्यांनी प्लीज सांगा.

रानवाट

ताई, आमचा मुलगा याच वाटेने गेला, पुण्यात, घरी शिकून एनआयओएसची दहावी दिली, आता बारावीचं चालू आहे. पहिलं म्हणजे घाबरू नका, १३ व्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर अजिबात नाही. शाळेत तिसरीपासून आठवीपर्यंत तेच तेच विशेषण क्रियाविशेषण दरवर्षी थोडं वाढवून शिकवतात, मोठ्या मुलाला ते एकदाच नीट समजलं की झालं, म्हणून तिसरीचं मग चौथीचं असं चढत यायची काही गरज नाही.

इंग्रजीसाठी आम्ही रेमंड मर्फीचं लाल पुस्तक वापरलं, 'इसेन्शियल ग्रामर इन यूज'. डाव्या पानावर समजावलेलं, उजव्या पानावर सराव, उत्तरं मागे, त्यामुळे मूल स्वतःचं स्वतः करू शकतं. चित्रं आहेत पण बाळबोध नाहीत, ते पुस्तक मुळात मोठ्या माणसांसाठीच आहे ना, नोकरी करणारी, घर शोधणारी अशी माणसं असतात त्यातल्या वाक्यांमध्ये. आणि शेवटी एक स्टडी गाइड आहे, आधी ते सोडवायचं आणि जिथे अडलं तेवढेच धडे करायचे. तुमची मुलगी इतकी वाचते म्हणजे तिला कदाचित निळं पुस्तकच लागेल, मधल्या पातळीचं, 'इंग्लिश ग्रामर इन यूज'. दुकानात दोन्ही चाळून बघा. भारतीय आवृत्ती सहज मिळते. 'सिन्स टू इयर्स'वाली चूक, काळांची सरमिसळ, 'अ' आणि 'द', या तिन्हींवर त्यात भरपूर धडे आहेत.

परीक्षेचं म्हणाल तर तिथे दडपण कमी असतं. दहावीला किमान वय १४, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, जो विषय सुटला तो सुटला. शिवाय २० टक्के मार्क टीएमएचे म्हणजे घरी लिहून द्यायच्या असाइनमेंटचे असतात, लिहिणाऱ्या मुलीला ते सोपंच जाईल. आम्ही व्याकरण आठवड्यातून चार दिवस, २०-२५ मिनिटं, एवढंच करायचो.

पिंपळपान

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मुलगी वाचतेय, लिहितेय, आनंदाने लिहितेय. मग हे सगळं कशाला आणायचं मध्ये? माझ्या दोन्ही मुली शाळेतच गेल्या, दोघींना प्रयोग आणि समास तोंडपाठ होते आणि आज दोघींना एक साधा अर्ज धड लिहिता येत नाही कारण वाचनच नव्हतं. तुमच्याकडे जे आहे ते सोन्यासारखं आहे. लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावा, कानाला खटकलं की ती आपोआप सुधारेल. परीक्षेआधी सहा महिने एखादं गाइड आणा, बास. उगाच १३ व्या वर्षी तिला प्रत्येक वाक्य लिहिताना थांबून विचार करायची सवय लागली तर लिहिण्यातली मजा जाईल, याची मला खरंच काळजी वाटते.

अजिंक्यतारा

मी साताऱ्याची, माध्यमिक शाळेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवलं, आता निवृत्त आहे आणि घरी शिकणाऱ्या काही मुलांना शिकवते. गोदातीर, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं म्हणून सविस्तर लिहिते, अगं-तुगं करते चालेल ना.

पिंपळपान यांचं म्हणणं मी मनापासून समजू शकते, घोकंपट्टीचं व्याकरण मीही वर्षानुवर्षं बघितलंय. पण कान तिथपर्यंतच नेतो जिथपर्यंत कानाला सवय आहे. 'सिन्स टू इयर्स' तिच्या कानाला खटकतच नाहीये कारण आजूबाजूला सगळे तसंच बोलतात. आणि ते मराठीतून थेट आलंय, 'मी दोन वर्षांपासून इथे राहतेय' हे मराठीत वर्तमानकाळातच म्हणतात, अगदी बरोबर वाक्य आहे ते. इंग्रजीला तिथे 'हॅव बीन लिविंग' लागतं आणि 'सिन्स'च्या जागी 'फॉर'. हे तिला मोठ्याने वाचून कधीच कळणार नाही, कुणीतरी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून दाखवावं लागेल. १३ वर्षांच्या मुलीला ते पाच मिनिटांत समजतं. आठ वर्षांच्या मुलाला महिनाभर सांगूनही समजत नाही.

म्हणून माझं सांगणं, मराठी आधी. आणि मराठीतही शब्दांच्या जातींपासून नको, वाक्यापासून. मराठी तिला येतेच आहे, त्यामुळे नवं काही शिकायचं नाहीये, आपण रोज करतो त्याला नाव काय ते फक्त बघायचंय. तिच्याच वहीतली दहा वाक्यं घे. क्रियापद शोध. मग त्याच्या धातूला, म्हणजे मूळ रूपाला, 'णारा' लावून विचार, करणारा कोण, जाणारी कोण, पडणारं काय. उत्तर येईल तो कर्ता. हे झालं की कर्म. दोन-तीन दिवसांत ती पटापट सांगायला लागेल.

मग तिला हे लिहून दे: 'ती आंबा खाते, तो आंबा खातो, ते आंबा खातात.' क्रियापद कुणामुळे बदललं? कर्त्यामुळे. आता 'तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली, तिने पोहे खाल्ले.' कर्ता तोच, तरी क्रियापद बदलतंय, कुणामुळे? कर्मामुळे. आणि तिसरं, 'तिने मांजराला हाकललं, तिने म्हशीला हाकललं, त्यांनी कुत्र्यांना हाकललं', इथे क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, तसंच राहतं. झाले तीन प्रयोग. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं शेवटी सांग, आधी तिला ती गोष्ट स्वतः सापडू दे. माझ्याकडची मुलं इथे दर वेळी चकित होतात की हे आपण लहानपणापासून न चुकता करतोय.

आणि याचा इंग्रजीला थेट उपयोग आहे. इंग्रजीत 'शी एट' ते 'शी एट', आंबा खाल्ला काय न् पोळी खाल्ली काय. तिथे क्रियापद नेहमी कर्त्याकडेच बघतं, तेही बहुतेक वर्तमानकाळातच, 'शी ईट्स, दे ईट'. एकदा मराठीत कर्ता ओळखायची सवय झाली की इंग्रजीतलं हे निम्मं काम होऊन जातं. मग वेळ कुठे द्यायचा तर जे मराठीत नाहीच तिथे. 'अ' आणि 'द' आपल्याकडे नाहीत, म्हणून तिच्याकडून गळतात, तिथे भरपूर सराव हवा. 'टेबलावर' मधलं 'वर' आपल्याकडे नामाच्या नंतर चिकटतं, इंग्रजीत ते नामाच्या आधी येतं आणि सुटं राहतं. आणि काळ. रानवाट यांनी सांगितलेलं मर्फीचं पुस्तक या सगळ्यासाठी चांगलं आहे, मीही तेच वापरते. रेन अँड मार्टिन टाकून देऊ नकोस, नियम नेमका काय आहे हे तुला बघायला लागेल तेव्हा उघड, पण मुलीच्या हातात देऊन पान एकपासून सुरू करू नकोस.

शुद्धलेखन मात्र पूर्ण वेगळं ठेव, वेगळी वही, वेगळा दिवस. व्याकरणाच्या तासाला ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढत बसलीस तर दोन्ही बिघडेल. मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत, १४ आधीचे १९६२ चे आणि चार नंतर १९७२ मध्ये आलेले, पण तिच्या आत्ताच्या चुका फक्त दोनच नियमांतल्या आहेत. एक, शब्दाच्या शेवटचा इकार उकार दीर्घ, कवी, गुरू, पाटी, आणि याला अपवाद म्हणजे 'आणि' हे मराठी अव्यय, आणि परंतु, तथापि, अति असली संस्कृतातून आलेली अव्ययं. दोन, वकील, गरीब, बहीण, मूल, ऊस या शब्दांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, पण प्रत्यय लागून सामान्यरूप झालं की ते ऱ्हस्व होतं, वकिलाने, गरिबाला, बहिणीला, मुलाला, उसाचा. यालाही संस्कृत शब्द अपवाद, शरीर आणि शरीराला, परीक्षा आणि परीक्षेला. वहीत दोन रकाने करून वाचताना सापडेल तो शब्द ती टाकत जाईल तर महिनाभरात हात वळेल.

पुस्तक म्हणशील तर मुलीसाठी बालभारतीची सहावी, सातवी, आठवी, एवढं पुरे, त्यातल्या धड्यांच्या शेवटी व्याकरणाच्या चौकटी आहेत तेवढ्याच सलग करायच्या. आणि तुझ्यासाठी मो. रा. वाळंब्यांचं 'सुगम मराठी व्याकरण व लेखन'. ते स्पर्धा परीक्षावाले वापरतात म्हणून लोक बिचकतात पण शिकवणाऱ्याच्या हाताशी असावं असंच पुस्तक आहे, उदाहरणं भरपूर.

गोदातीर

बाई, अगं-तुगंच करा, आणि एवढं बसून लिहिलंत त्याबद्दल किती आभार मानू. तुमचा प्रतिसाद वाचल्या वाचल्या तिला घेऊन बसले. 'णारा' लावायचं तिला भयंकर आवडलं, तिच्या गोष्टीतली दोन पानं तिने उभ्या उभ्या करून टाकली. आणि 'खाल्ला खाल्ली खाल्ले' बघून म्हणाली की मग मी इंग्रजीत लिहिताना डोक्यात हे चालू असतं का.

पण एका वाक्यावर आम्ही दोघी अडलो. तिनेच काढलं, 'मला आंबा आवडतो'. 'णारा' लावला तर आवडणारा कोण, तर आंबा. म्हणजे आंबा कर्ता? ती ऐकायलाच तयार नाही, म्हणते आंबा काय करतोय, आवडतंय तर मला. मला उत्तर देता आलं नाही तेव्हा म्हटलं बाईंना विचारते.

पिंपळपान, तुम्ही काळजीने लिहिलंत ते पोचलं. तिच्या गोष्टींच्या वहीत मी लाल पेन लावणार नाही हे नक्की, व्याकरणासाठी वाक्यं घ्यायची तर तीच निवडून देईल असं आमचं ठरलंय.

अजिंक्यतारा

शाबास, या वाक्यावर अडली म्हणजे गाडी योग्य रस्त्याला आहे. आपल्या परंपरेच्या व्याकरणाप्रमाणे हो, आंबा हाच कर्ता. आणि क्रियापदही त्याची साक्ष देतं, 'मला आंबा आवडतो, मला पोळी आवडते, मला पोहे आवडतात', बदलतंय ते आंबा-पोळी-पोह्यांप्रमाणे, 'मला' तसंच. 'मला' ही चतुर्थी विभक्ती. 'मला थंडी वाजते' तसंच, वाजणारी थंडी. 'मला भूक लागली', लागणारी भूक. परीक्षेत विचारलं तर हेच उत्तर लिहायचं.

पण तिचं म्हणणंही चुकीचं नाही हं, ते तिला जरूर सांग. अलीकडच्या भाषाशास्त्रात असल्या 'मला'ला अनुभवणारा मानून कर्त्याच्या जवळपासची जागा देतात. 'मला आपलं घर आवडतं' यातलं 'आपलं' कुणाचं, तर 'मला'चं ना, घराचं नाही. म्हणजे 'मला'कडे कर्त्याचे काही गुण आहेत. कर्ता म्हणजे काम करणारा असा अर्थ धरला की गोंधळ होतो, 'पान पडलं' यात पान तरी कुठे काही करतंय.

आता हेच इंग्रजीत न्या. 'आय लाइक मँगोज'. इथे कर्ता 'आय', वाद नाही. 'आय ॲम हंग्री', 'आय फील कोल्ड', परत 'आय'. मराठीत जिथे जिथे 'मला' ने वाक्य सुरू होतं तिथे इंग्रजीत बहुतेक वेळा 'आय' येतो, तिला अशी वाक्यं गोळा करायला सांग, 'मला आठवतं, मला कळलं, मला जायचंय, मला ताप आलाय'. चांगल्या दोन दिवसांचा अभ्यास आहे तो.

ऑस्टिनकर

आम्ही टेक्सासमध्ये असतो, दोन मुलं घरी शिकतात. अमेरिकन पुस्तकांबद्दल विचारलंय म्हणून लिहितोय. इथे व्याकरणाला मान आहे, आमच्या राज्यात होमस्कूलिंगसाठी जे पाच विषय सक्तीचे आहेत त्यात वाचन, स्पेलिंग, गणित आणि सुजाण नागरिकत्व यांच्याबरोबर व्याकरण नाव घेऊन आहे. त्यामुळे बाजारात पुस्तकं उदंड.

मोठ्या वयात सुरू करणाऱ्यांसाठी तीन नावं ऐकू येतात. 'ॲनालिटिकल ग्रामर', हे मुळातच सहावी-सातवीच्या पुढच्या मुलांसाठी रचलेलं, आधी काही येत नाही असं धरून चालतं पण बोलणं मोठ्यांशी बोलावं तसं. 'ईझी ग्रामर प्लस', हेही मोठ्या मुलांसाठीचं. आणि 'ग्रामर फॉर द वेल ट्रेंड माइंड', पाचवीपासून पुढे कधीही सुरू करता येतं, त्याच्या चार वर्कबुक आहेत आणि चारींमध्ये नियम तेच, फक्त सरावाची वाक्यं वेगळी, म्हणजे कुठल्याही वर्षी पहिल्या पानापासून सुरुवात. आमच्या मोठ्याने हे शेवटचं केलं. चांगलं आहे पण जड आहे आणि शिकवणाऱ्याचं पुस्तक वेगळं घ्यावं लागतं. नाशिकला मागवायचं तर खर्च बराच होईल, मी तरी एनआयओएससाठी ते मागवायला सांगणार नाही. विरामचिन्हांच्या अमेरिकन सवयी आणि स्पेलिंग वेगळं, मग मुलीला दोन पद्धती डोक्यात ठेवाव्या लागतील. मर्फी ब्रिटिश आहे, भारतात तेच सोयीचं.

पण त्यांच्यातल्या दोन युक्त्या फुकट घेण्यासारख्या आहेत. एक 'ईझी ग्रामर'ची. वाक्यातले 'ऑफ', 'इन', 'विथ' ने सुरू होणारे तुकडे आधी पेन्सिलीने खोडायचे, मगच कर्ता आणि क्रियापद शोधायचं. 'द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी', यातलं 'ऑफ मँगोज' खोडलं की 'बॉक्स इज' समोर दिसतं, नाहीतर मुलं मँगोज बघून 'आर' लिहितात. माझ्या मते आपल्या मुलांना हे जास्त लागतं कारण मराठीत 'आंब्यांची पेटी जड आहे' म्हणताना पेटी क्रियापदाच्या जवळ असते, आंबे लांब, तिथे चुकायला जागाच नाही. इंग्रजीत नेमकं उलट होतं.

दुसरी म्हणजे वाक्याची आकृती काढणं. रीड आणि केलॉग या दोघांनी १८७७ च्या त्यांच्या पुस्तकातून ही रीत रूढ केली, इथे अजून बरेच होमस्कूलवाले वापरतात. एक आडवी रेघ मारायची, डावीकडे कर्ता, उजवीकडे क्रियापद, मधे रेघेला आरपार छेदणारी उभी रेघ. कर्म असेल तर क्रियापदापुढे छोटी उभी रेघ मारायची, ती आरपार न्यायची नाही, फक्त वरच्या बाजूला, आणि पुढे कर्म. विशेषणं ज्या शब्दाची त्याच्या खाली तिरक्या रेघांवर. चार वाक्यं स्वल्पविरामाने जोडायची जी सवय लिहिलीय तुम्ही, ती माझ्या मुलाचीही होती. त्याला आम्ही काही बोललो नाही, फक्त त्याचं लांब वाक्य त्यालाच आकृतीत बसवायला दिलं. एका वाक्याला चार आडव्या रेघा लागल्या आणि त्यांना जोडणारा एक शब्द नाही हे त्याला समोर दिसलं.

अजिंक्यतारा

ऑस्टिनकर, फार छान लिहिलंत. आपल्याकडे हेच वाक्यपृथक्करण म्हणून होतं, उद्देश्य (ज्याच्याबद्दल बोलतोय ते) आणि विधेय (त्याच्याबद्दल जे सांगतोय ते), मग कर्ता, कर्त्याचा विस्तार, कर्म, कर्माचा विस्तार, क्रियापद, क्रियापदाचा विस्तार असा तक्ता. हल्ली मागे पडलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण लिहिणाऱ्या मुलांना त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. गोदातीर, तक्ता मराठीला वापर आणि आकृती इंग्रजीला, मराठीत कर्म क्रियापदाच्या आधी येतं त्यामुळे ती रेघांची आकृती मराठीला नीट बसत नाही.

रानवाट

यात एक भर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अजून मिळते. वाक्यं जुन्या काळातली आहेत पण पद्धत अशा मुलांना चालते, मराठी वाक्य द्यायचं आणि इंग्रजी करायचं. आम्ही पुस्तकातली वाक्यं न घेता मुलाच्याच मराठी लिखाणातला एक परिच्छेद घ्यायचो, त्याचं इंग्रजी करायचं, वही बंद करून आठवड्याने त्याच इंग्रजीचं परत मराठी करायचं, आणि मूळ परिच्छेदाशी ताडून बघायचं. काळ कुठे घसरला ते लगेच सापडतं. 'मी जेवलो', 'मी जेवलोय', 'मी जेवलो होतो' हे तीन वेगळे आहेत हे त्याला मराठीत पक्कं माहीत होतं, इंग्रजीत तिन्हींना 'आय एट' लिहायचा. आठवड्यातून एकच परिच्छेद, जास्त नको, कंटाळा येतो.

पिंपळपान

सगळं वाचलं. तिच्याच लिखाणातून आणि तिने निवडलेल्या वाक्यांतून करणार असाल तर माझा विरोध नाही, माझी भीती लाल पेनाची होती. तो 'मला आंबा आवडतो'चा वाद मी आमच्या घरी काढला, धाकटी अजून मानायला तयार नाही.

गोदातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय: पहिले तीन महिने फक्त मराठी, वाक्य, कर्ता-कर्म, प्रयोग, मग वाक्यपृथक्करण, सोबत शुक्रवारी शुद्धलेखनाची दोन रकान्यांची वही. त्यानंतर मर्फी, आधी स्टडी गाइड सोडवून, आणि रानवाट दादांची उलटसुलट भाषांतराची रीत तेव्हाच सुरू करू. परवा कॉलेज रोडवरच्या दुकानात जाऊन लाल निळं दोन्ही तिलाच चाळायला दिली, तिने निळं उचललं. अमेरिकन काही मागवत नाही, पण रेघांची आकृती तिला दाखवली तर आत्ता ती भिंतीवरच्या फळ्यावर काढत बसलीय.

एकच राहिलं, बालभारतीची सहावी ते आठवीची पुस्तकं शोधताना मराठीची दोन दोन दिसतायत, 'बालभारती' आणि 'सुलभभारती'. कुठलं घ्यायचं?

अजिंक्यतारा

'बालभारती' घे, ते मराठी माध्यमाचं. 'सुलभभारती' इतर माध्यमांच्या मुलांसाठी आहे, तिला फार सोपं जाईल. छापील मिळालं नाही तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ मोफत आहेत, व्याकरणाची पानं तेवढी प्रिंट करून घे. आणि आठवी संपली की नववी-दहावीचं 'कुमारभारती' बघ, 'अक्षरभारती' नको. वाक्यपृथक्करणाला पहिलं वाक्य निवडताना एकच क्रियापद असलेलं निवड, मिश्र वाक्यं नंतर. कुठे अडलात तर इथेच लिही, मी रोज संध्याकाळी बघते.